तो पीक, ते पीक

परवा एका व्हिडिओ कॉलवर मला कळलं, की माझा ‘पीक’ होऊन गेला. कधी? दोन वर्षांपूर्वी! आणि मला पत्ताच नाही.

त्याचं असं झालं... फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना अप्रेझल नसतं असा तुमचा समज असेल, तर तो मनातून काढून टाका. आम्हालाही असतं, फक्त नंतर केक नसतो. मी ज्यांच्यासाठी लिहिते त्यातल्या एका ठिकाणच्या मॅडम स्क्रीनवर होत्या. एकदम गोड चेहरा, मागे पुस्तकांचं कपाट. म्हणाल्या, “तुझी ती दोन वर्षांपूर्वीची सीरिज होती ना, दॅट वॉज युअर पीक. त्यानंतर जरा फ्लॅट वाटतंय. सो... रेट्स या वर्षी तेच ठेवू या, ओके?” मी ‘ओके’ म्हटलं. अशा वेळी आपण सगळे ‘ओके’च म्हणतो. लॅपटॉप बंद केला आणि छताकडे बघत बसले. वय वर्षं २८. डोक्यावर टू-व्हीलरचं लोन. आणि पीक गेला?

तेवढ्यात फोन वाजला. विंचूरची मामी. मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि त्याच्या वरताण मामीचा. “अगं, पीक निघालंय सगळं. आजी रोज तुझं नाव काढतीये. ये ना चार दिवस!”

मला जे हसू फुटलं ना... मामीला वाटलं, लाइन खराब आहे.

तर मंडळी, या वेळचा आपला शब्द ‘पीक’. इंग्रजीतला पीक म्हणजे टोक, शिखर, सर्वोच्च बिंदू. मराठीतलं पीक म्हणजे शेतात उभं असतं ते. उच्चार सेम, देवनागरीत लिहिलं तर अक्षरंही सेम. घोळ होऊ नये म्हणून या पानापुरती एक सोय करू या. इंग्रजीतला ‘तो पीक’ आणि मराठीतलं ‘ते पीक’. चालेल?

घोळ होत नाही असं समजू नका हं. २०२३ साली आपल्या राज्यात ‘एक रुपयात पीक विमा’ अशी योजना आली, तेव्हा हायवेवरचं होर्डिंग वाचून माझी एक कॉन्व्हेंटवाली मैत्रीण म्हणाली, “सही आहे यार! म्हणजे करिअरचा पीक गेला की पैसे मिळतात का?” तो एक रुपयावाला प्रकार २०२५ मध्ये बंद झाला. मैत्रिणीच्या मनातली पॉलिसी मात्र अजून कुणीच काढलेली नाही. निघाली तर पहिला हप्ता माझा!

आधी तो पीक

इंग्रजीतला हा शब्द मुळात अणकुचीदार टोकाचा. भाल्याचं टोक, कुदळीचं टोक, तसल्या शब्दांच्या भाऊबंदकीतला. पोलिसांच्या टोपीला पुढे जो छज्जा असतो, तोही पीकच. मग तो डोंगराच्या टोकाला लागला, आणि ‘सगळ्यात जास्त’ हा अर्थ त्याच्याही नंतर चिकटला. जगातल्या सगळ्यात उंच डोंगराचं सर्व्हेच्या कागदांवरचं नाव काय होतं माहितीये? नुसतं ‘पीक पंधरा’! त्याच्या उंचीचं गणित करणाऱ्यांत राधानाथ सिकदार हे आपले भारतीय गणिती होते. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली आणि १८६५ मध्ये त्याला ‘एव्हरेस्ट’ हे नाव मिळालं.

आता ऑफिसात या. इथे पीक हे नाम आहे, विशेषण आहे आणि क्रियापदसुद्धा. लोकलचा पीक अवर, हॉटेलवाल्यांचा पीक सीझन, विजेची पीक डिमांड. गर्दी नसेल तर ऑफ-पीक. आणि ‘शी पीक्ड टू अर्ली’ म्हणजे बाई लवकरच टोकाला पोहोचल्या, आता उतरणीवर आहेत. (कोण बाई, ते विचारू नका.)

आता मेख बघा. टोक म्हटलं की दोन्ही बाजूंना उतार आलाच. ग्राफ काढून बघा. नुसती चढत जाणारी रेघ असेल तर तिच्यात पीक नसतो. रेघ खाली वळल्याशिवाय पीक दिसतच नाही. म्हणजे ‘सध्या मी पीकवर आहे’ असं कुणी कॉलर ताठ करून सांगत असेल, तर तो नकळत ‘उद्यापासून मी घसरणार’ असंही सांगतोय. आणि दुसऱ्याला ‘तुझा पीक होऊन गेला’ म्हणायचं, तर त्याची पुढची रेघ आधी बघितलेली असावी लागते. ती आमच्या मॅडमनी कुठे बघितली कोण जाणे!

सर्वोच्च बिंदूसाठी इंग्रजीत शब्दांचं अख्खं खानदान आहे. पुढचं प्रेझेंटेशन करण्याआधी एक नजर टाका:

समिट: डोंगराचा माथा, जिथे पाय ठेवता येतो तो. देशांचे प्रमुख भेटतात तीही समिट. बड्यांच्या बैठकीला हा शब्द रूढ झाला तो १९५० मधल्या चर्चिलच्या भाषणानंतर. आपण त्याचं सरळ ‘शिखर परिषद’ केलं.

क्लायमॅक्स: मूळ ग्रीक अर्थ शिडी! म्हणजे एकेक पायरी चढत जाणं आलंच. पहिल्या सीनमध्ये क्लायमॅक्स होत नाही.

अपेक्स: त्रिकोणाचं, शंकूचं टोक. ‘अपेक्स बॉडी’ म्हणजे शिखर संस्था.

पिनॅकल: लॅटिनमधल्या पिसावरून, पंखावरून आलेला. इमारतीवरचा निमुळता कळस. यशाला वापरतात, ट्रॅफिकला नाही.

झेनिथ: हा अरबीतून आलाय. मूळ अर्थ ‘डोक्यावरची वाट’. आकाशातला बरोबर आपल्या डोक्यावरचा बिंदू. याच्याकडे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आणि एक विनंती. टीझर पाठवताना ‘स्नीक पीक’ लिहिता ना, त्यातला पीक डबल ई-वाला, चोरून डोकावण्याचा. तिथे डोंगराचा पीक टाकलात तर चोरून एव्हरेस्ट चढल्यासारखं होतं.

मग मराठीत काय म्हणायचं?

‘पीक सीझन’चं मराठी करा बघू. ‘सर्वोच्च हंगाम’? ई! आपण म्हणतो ‘ऐन हंगाम’. ऐन दिवाळी, ऐन उमेदीची वर्षं. नाहीतर ‘भर’ म्हणतो. भर दुपार, भर बाजार, भर गर्दीत. गंमत म्हणजे यांच्यापैकी कुठेही डोंगर नाही, टोक नाही, उतार नाही. ‘भर’मध्ये भरलेपण आहे. मैफल ‘रंगात’ येते, झाड ‘बहरात’ येतं. टोकावर उभं राहायला एकालाच जागा असते. भर बाजारात सगळे मावतात.

डोंगरांची आपल्याकडे कमी आहे असं नाही. कळसूबाई, १,६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर. राज्यातला सगळ्यात उंच किल्ला साल्हेर नाशिक जिल्ह्यातच. आणि वणीच्या देवीचं नावच सप्तशृंगी, म्हणजे सात शिखरांची. तरीसुद्धा माणसाचं, वेळेचं, धंद्याचं बोलताना आपली भाषा डोंगरावर फारशी चढत नाही. ती कुठे जाते? ते मला विंचूरला कळलं.

आता ते पीक

पुणेकर दोस्तांनो, सदाशिव पेठेतला विंचूरकर वाडा ऐकून असाल. लोकमान्य टिळक गायकवाड वाड्यात जाण्याआधी राहायचे तो. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्याचा वाडा. त्या ‘विंचूरकर’मधलं विंचूर म्हणजे माझं आजोळ. नाशिक जिल्हा, निफाड तालुका. नाशिकहून येवल्याच्या एसटीत बसायचं आणि तीन पाटीवर उतरायचं. तिथून लासलगाव अगदी जवळ. लासलगाव म्हणजे कांद्याची राजधानी. तिथली बाजार समिती १९४७ सालची आणि तिचाच उपबाजार विंचूरला आहे. वाइनवाल्यांना विंचूर दुसऱ्या कारणासाठी माहीत असेल. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि इथे एमआयडीसीचा वाइन पार्क झाला.

मामांकडे दोन्ही आहे, थोडी द्राक्षं आणि बाकी कांदा. मी पोहोचले तेव्हा मे महिना अर्धा सरला होता. द्राक्षबागेकडे बघून मला धस्सच झालं. वेली पार बोडक्या! “मामा, बाग गेली की काय?”

“गेली नाही गं, छाटलीये. खरड छाटणी.”

द्राक्षाच्या वेलीची इकडे वर्षातून दोनदा छाटणी करतात. माल निघाला की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पहिलीनंतर नव्या काड्या तयार होतात, दुसरीनंतर त्या काड्यांवर घड लागतात. दोन छाटण्या, पीक एकच. म्हणजे घडांनी लगडलेली वेल दोन-तीन महिन्यांत बोडकी दिसते, कारण तिला पुढच्या वर्षाची काडी घडवायची असते. त्या वेळी तिला ‘फ्लॅट’ कुणी म्हणत नाही. हे मी मनातल्या मनात नोट केलं.

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर बाजारात गेले. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या आणि पिकअप गाड्यांच्या रांगाच रांगा. (पिकअप! इथेही पिक!) व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, मूठभर कांदे उचलून बघतो, बोली सुरू होते. क्विंटलचा भाव पुकारला जातो, वाढत जातो, थांबतो, चिठ्ठी हातात पडते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. चार-सहा महिन्यांच्या मेहनतीचा हिशोब दोन-तीन मिनिटांत! आपलं अप्रेझल तरी वीस मिनिटं चालतं.

दिवसाअखेर भाव लागतात तीन. किमान, कमाल आणि सरासरी. ‘कमाल’ म्हणजेच आपला तो पीक. अरबी शब्द, मूळ अर्थ पूर्णत्व. हवामानवाले ‘कमाल तापमान’ म्हणतात आणि आपण ‘कमाल आहे बुवा!’ म्हणतो, तोच. बातमीत ठळक टाइपात येतो तो हा कमाल भाव, आणि शहरात बसून आपल्याला वाटतं, शेतकऱ्याची चंगळ आहे. मामांनी माझा फुगा फोडला. “अगं, कमाल भाव एखाद्या-दुसऱ्या ट्रॉलीला. एक नंबर माल, एकसारखा, चकचकीत. बाकीचा बाजार सरासरीवर. आणि गोल्टीला कोण विचारतंय?” गोल्टी म्हणजे बारीक कांदा. आपल्यासारख्यांचं पण तसंच ना? लिंक्डइनवर सगळ्यांचे कमाल भाव दिसतात. घरं चालतात ती सरासरीवर.

आता खरी गोम. ऐन हंगामात, म्हणजे ते पीक निघण्याचा तो पीक असतो तेव्हा, भाव तळाला असतो. सगळ्यांचा माल एकदम बाजारात! लंडनमध्ये शिकणाऱ्या माझ्या मित्राने सांगितलं होतं, तिथल्या पोरांच्या बोलीत ‘दॅट्स पीक’ म्हणजे ‘वाट लागली’. मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं. विंचूरच्या बाजारात लगेच पटलं.

याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०१८ च्या अखेरीस साडेसातशे किलो कांदा विकला आणि हातात आलेले १,०६४ रुपये निषेध म्हणून मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले. किलोला दीड रुपयासुद्धा नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या डिसेंबरमध्ये, शहरांत कांदा शंभरीच्या पार गेला. मी मामांना म्हटलं, “तेव्हा तरी कमावलं असेल ना?” मामा हसले. “काय विकायला होतं? ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात लाल कांदा सडला वावरातच. भाव होता, पीक नव्हतं.”

मंडळी, हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. भाव होता, पीक नव्हतं. तो पीक आला, कारण ते पीक गेलं होतं.

भाव चढला की दिल्लीला जाग येते, ते वेगळंच. १९९८ मध्ये कांदा महागला आणि दिल्लीतलं राज्य सरकार निवडणुकीत पडलं. तेव्हापासून कांद्याला सगळेच बिचकून असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा, ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क, त्याच डिसेंबरात पुन्हा बंदी. ती मे २०२४ मध्ये उठली आणि शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ पासून. म्हणजे टोकाकडे जाणारी रेघ दिसली रे दिसली की वरून कुणीतरी पेन्सिल धरणार. आपल्या किचनचं बजेट वाचतं, हे खरंच. पण त्या ग्राफच्या दुसऱ्या टोकाला मामी असते, हे मला आजवर कधी सुचलं नव्हतं.

चाळीतलं गणित

मामांच्या अंगणात कांद्याची चाळ आहे. मुंबईतली नव्हे, वारा खेळता राहावा म्हणून फटी ठेवून बांधलेली, कांदा साठवायची. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा टिकाऊ असतो, तो चाळीत भरतात आणि पुढे पाच-सहा महिने थोडा थोडा काढतात. नवा लाल कांदा बाजारात यायच्या आधी, साधारण ऑगस्टपासून पुढे, भाव चढण्याची शक्यता असते. शक्यता! गॅरंटी नाही.

“मग सगळा तेव्हाच का नाही विकत?” मी एमबीए मित्राच्या थाटात विचारलं.

मामांनी चाळीतून एक कांदा काढून माझ्या हातावर ठेवला. “हा आत्ता एवढा आहे. ऑक्टोबरात एवढा राहील का? वजन घटतं, काही सडतात, काहींना कोंब फुटतात. भावाची वाट बघताना मालच जातो. आणि वरचा भाव कोणता, ते तो उतरल्यावरच कळतं. आधी कळलं असतं, तर मी इथं असतो का?”

मामांचा फंडा सिंपल आहे. मालाचे तीन वाटे. एक निघाल्या निघाल्या विकायचा. मजुरी, खतं, सोसायटीचं कर्ज त्यातून भागतं. दुसरा पाऊस सुरू झाल्यावर, बाजार बघून. तिसरा शेवटी. “मला कमाल भाव कधीच मिळाला नाही,” मामा म्हणाले. “पण सगळा माल तळाच्या भावात गेला, असंही कधी झालं नाही.” मामी मागून म्हणाली, “एकदा ऐकलं होतं यांनी दुसऱ्यांचं. सगळा ठेवला होता दिवाळीपर्यंत.” पुढे कुणीच काही बोललं नाही. त्या वर्षी ताईचं लग्न एक वर्ष पुढे गेलं होतं, हे मला आठवलं. कारण मात्र मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजत होते. अंगणात रोवलेल्या खुंटाकडे सहज लक्ष गेलं, तर त्याला सावलीच नाही! मे महिन्याच्या २०-२१ तारखेच्या सुमारास या पट्ट्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. पुण्या-मुंबईत तो दिवस काही दिवस आधीच येऊन जातो. वर्षात असे दोन दिवस. दुसरा जुलैत येतो, पण तेव्हा बहुतेक ढगच असतात. हाच तो झेनिथ. आपल्या ज्योतिर्विदांचा शब्द आणखी झकास आहे: खस्वस्तिक. मी मोबाइल काढून फोटो घेईपर्यंत खुंटाच्या बुडाशी बारीकशी काळी रेघ दिसायला लागली होती. मिनिटभराचं कौतुक! आणि त्या टळटळीत उन्हात कामाला कुणी नव्हतं बरं का. सगळे निंबाखाली भाकरी खात होते. सूर्य टोकावर असतो तेव्हा विंचूरला जेवणाची सुट्टी असते. कामं होतात ती सकाळी आणि उन्हं उतरल्यावर.

शीग

आणि आता तो शब्द, ज्याच्यासाठी एवढी गाडी विंचूरला आणली.

संध्याकाळी आजी ओट्यावर बसली होती. शेजारच्या काकू बाजरी न्यायला आल्या होत्या. घरात वजनकाटा आहे, तरी आजी जुनं मापटंच वापरते. तिने मापटं बाजरीत बुडवलं, वर काढलं आणि काठाच्या वर जो दाण्यांचा ढीग होतो, छोट्या डोंगरासारखा, तो तसाच ठेवून काकूंच्या पिशवीत ओतला. मी म्हटलं, “आजी, जास्त गेलं की!”

“जास्त कसलं? शीग लावून द्यावं गं. काठोकाठ मोजून काय द्यायचं?”

शीग! ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’मधली शीग! शाळेपासून मी हा वाक्प्रचार लिहितेय. क्रिकेट वर्ल्ड कपच्या फायनलला उत्सुकता शिगेला, निवडणुकीच्या निकालाला उत्कंठा शिगेला. मास कॉमच्या दोन वर्षांत निदान शंभर वेळा तरी लिहिला असेल. पण शीग म्हणजे धान्याचं माप भरल्यावर काठाच्या वर उभी राहणारी रास, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी आजीच्या ओट्यावर कळलं. शेर, पायली ही मापं व्यवहारातून गेली, पण त्यांच्यावरची शीग टीव्हीच्या अँकरनी जपून ठेवलीये. त्यांना तरी कुठे ठाऊक असेल?

म्हणजे बघा ना. इंग्रजीने सर्वोच्च बिंदूला नाव दिलं भाल्याच्या टोकाचं. मराठीने दिलं धान्याच्या राशीचं. तो पीक मराठीत शोधत गेले, तर तो ते पीक मोजतानाच सापडला.

आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत. पीकवर चढणारा एकटा असतो आणि उतरणं त्याच्या नशिबात लिहिलेलं असतं. शीग हवेत उभी राहत नाही. आधी खालचं माप काठोकाठ भरावं लागतं, मगच तिला बसायला जागा मिळते. आणि ती मिरवायला नसते, समोरच्याच्या पिशवीत जाण्यासाठी असते. ओतली की संपली. मग माप पुन्हा भरायचं, पुन्हा शीग. ‘तुमची शीग होऊन गेली’ असं कुणाला सांगून बघा. वाक्यच होत नाही!

‘पीक’ शब्दाचं मूळही याच घरातलं. पिकणे, संस्कृतमधल्या ‘पक्व’वरून. फळ पिकतं, केस पिकतात, सभेत हशा पिकतो, गावात कंडी पिकते. पिकायला वेळ लागतो आणि तो ज्याचा त्याचा असतो. द्राक्षाला विचारत नाहीत, तू कांद्याएवढ्या दिवसांत का नाही आलास? आणि ‘पिकतं तिथं विकत नाही’ हेही आपल्याच भाषेने सांगून ठेवलंय. विंचूरच्या कांद्याला ते लागू आहे, आणि माझ्या लेखांनाही. एका ठिकाणी फ्लॅट वाटले, तर दुसरा बाजार बघावा!

तुम्हाला वाटेल, हे सगळं मनाचं समाधान आहे. थोडंफार आहेही. मॅडम म्हणाल्या त्यात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या सीरिजनंतर मी घाईघाईत बरंच काठाच्या खालचं दिलंय. हप्ता भरायचा होता आणि डेडलाइन्स होत्या. शीग सोडा, माप तरी पूर्ण होतं का, हे आता स्वतःला विचारतेय. हा प्रश्न ‘माझा पीक गेला का’ यापेक्षा बरा आहे. त्याच्यावर काहीतरी करता येतं.

परत आल्यावर मॅडमना मेल टाकली. आधी मारे तीन पॅरा लिहिले होते, एटिमॉलॉजीसकट. मग मामा आठवले आणि सगळे डिलीट केले. दोन ओळी पाठवल्या. या रेटमध्ये महिन्याला चारऐवजी दोनच लेख देऊ शकेन, पण ते नीट देईन. उरलेल्या वेळात दुसरीकडे लिहीन. तीन वाटे, यू सी!

उत्तर दोन दिवसांनी आलं. ‘फेअर इनफ. लेट्स ट्राय.’ कमाल भाव नाही, पण तळाचाही नाही.

काल मामांचा फोन होता. पहिला वाटा विकला, सरासरीच्या जरा वर. बाकीचे दोन वाटे चाळीत. मग विचारलं, “तुझं काय, पीकपाणी कसंय?”

म्हटलं, “मामा, थोडं विकलंय. बाकीचं अजून चाळीत आहे.”